तोलामोलाचं स्थळ : रीजन्सी प्रेमकथा आणि त्यातलं हसू



आपल्याकडे लग्न जुळवताना एक शब्द हमखास कानावर येतो, तोलामोलाचं स्थळ. या शब्दात तोल आहे आणि मोलही आहे. समोरचं घर वजनाला किती, किमतीला किती, हे आधी बघायचं आणि मग मुलामुलीची नावं पुढे करायची. आज आपण ज्या गोष्टींबद्दल बोलणार आहोत त्या दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या आहेत. पण हा एक शब्द हाताशी ठेवलात, तर त्या वाचायला वेगळी किल्ली लागणार नाही.

विषय आहे रीजन्सी रोमान्स. त्यातही विनोदी रोमान्स, आणि त्यातही दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या माणसांचा. एक उमराव, एक व्यापाऱ्याची मुलगी. एक जमीनदार, एक सामान्य घरातली बोलघेवडी तरुणी. ओटीटीवर ‘ब्रिजर्टन’ आल्यापासून घराघरांत हे कपडे, त्या बग्ग्या आणि ती नृत्यं पोचली आहेत. माझ्या पिढीतल्या लोकांना कदाचित १९८५ची दूरदर्शनवरची ‘तृष्णा’ ही मालिका आठवेल. तीही अशाच एका कादंबरीवरून केलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, तोफा सोडून प्रेमकथा कुठे घेऊन बसलात? उत्तर सोपं आहे. फौजेच्या मेसमधल्या जुन्या कपाटांत इंग्रजी कादंबऱ्या भरपूर असतात आणि दूरच्या पोस्टिंगवर संध्याकाळी करण्यासारखं फारसं काही नसतं. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. या गोष्टींत पावलोपावली लाल कोटातले अधिकारी आहेत, आणि ते सगळे लग्नाच्या बाजारात उभे आहेत. त्या बाजारात फौजी माणसाची किंमत कशी ठरायची, हे मला फौजी म्हणूनच वाचायला आवडतं.

काळ कुठला?

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजारामुळे कारभार पाहण्याच्या स्थितीत राहिला नाही. म्हणून ५ फेब्रुवारी १८११ रोजी त्याच्या थोरल्या मुलाला रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, नेमलं. २९ जानेवारी १८२० रोजी राजा वारला आणि रीजंटच चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. ही मधली नऊ वर्षं म्हणजे रीजन्सी. कादंबरीकार आपल्या सोयीने हा काळ पुढे-मागे ताणतात, ते सोडून द्या.

याच नऊ वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? पुण्याची पेशवाई संपत होती. १८१८मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांना शरण गेला. म्हणजे तिकडे दिवाणखान्यात मुली पियानो वाजवत होत्या, तेव्हा त्यांचे भाऊ आणि होणारे नवरे इकडे नकाशे बदलत होते. या प्रेमकथांमधला बराचसा पैसा कुठून येतो याचा एक धागा इथे आहे. त्याकडे आपण पुढे येऊच.

शिडी समजून घ्या

विनोद कळायला आधी शिडी कळली पाहिजे. सगळ्यात वर राजघराणं. मग ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन, हे पाच दर्जाचे उमराव. त्यांच्याखाली बॅरोनेट. त्याच्या नावामागे ‘सर’ लागतं, ते वंशपरंपरेने चालतं, पण तो उमरावांत मोजला जात नाही. मग बिनपदवीचे जमीनदार, पाद्री, सैन्यातले व नौदलातले अधिकारी आणि मोठे वकील. त्याखाली व्यापारी, मग कारागीर, शेतमजूर आणि नोकरचाकर.

या शिडीची एक गंमत आहे. व्यापाऱ्याकडे जमीनदाराच्या दसपट पैसा असला, तरी तो जमीनदाराच्या खालीच. कारण त्याने पैसा कमावलाय. खरा सभ्य गृहस्थ पैसा कमावत नाही, त्याच्याकडे तो असतो. जमिनीचा खंड आपोआप येतो, तेव्हा हाताला काम लागत नाही.

दुसरी गोष्ट वारसाहक्काची. आपल्याकडे परंपरेने मुलगे वडिलोपार्जित जमिनीचे वाटेकरी. भाऊबंदकी तिथूनच सुरू होते. इंग्लंडमधल्या बड्या घरांत तसं नव्हतं. थोरला मुलगा सगळं घ्यायचा. धाकट्यांनी सैन्य, चर्च किंवा वकिली धरायची. मुलींना लग्नाच्या वेळी ठरलेली रक्कम मिळायची, तीही असली तर. शिवाय कित्येक इस्टेटी पुरुष वारसाकडेच जातील अशा कागदोपत्री बांधून ठेवलेल्या असत. मुलगा नसेल तर घर लांबच्या चुलतभावाकडे जायचं, आणि बायको-मुलींना बिऱ्हाड हलवावं लागायचं.

यावरून लक्षात येईल, की त्या नृत्याच्या सभांमध्ये पंख्याआडून हसणाऱ्या मुली खेळत नव्हत्या. त्यांच्यासाठी तो पोटापाण्याचा प्रश्न होता. विनोद आहे, पण तो कड्याच्या टोकावर उभं राहून केलेला विनोद आहे.

दहा हजार विरुद्ध चाळीस

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ २८ जानेवारी १८१३ रोजी प्रसिद्ध झाली. तिने हिचे हक्क प्रकाशकाला ११० पौंडांना विकून टाकले होते. पुस्तकावर तिचं नावही नव्हतं.

तिच्यातले आकडे बघा. नायक डार्सी याचं उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड. नायिका एलिझाबेथ बेनेट. तिच्या वडिलांचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, पण इस्टेट पुरुष वारसाकडे जाणारी आणि घरात पाच मुली. एलिझाबेथच्या वाट्याला काय येणार, हे तिला मागणी घालणारा पाद्री कॉलिन्स तोंडावर ऐकवतो. आईच्या पश्चात १,००० पौंड, चार टक्के व्याजाचे. म्हणजे वर्षाला ४० पौंड. दहा हजार भागिले चाळीस, उत्तर अडीचशे. मुलगा मुलीच्या अडीचशे पट ‘तोलाचा’.

मागणी घालताना माणूस मुलीला तिचं व्याज मोजून दाखवतो, आणि हेच आपलं औदार्य आहे असं त्याला मनापासून वाटतं. ऑस्टिनचा विनोद हा असा आहे. ती कुणाला घसरून पाडत नाही, कुणाच्या तोंडावर केक फेकत नाही. माणसाला बोलू देते आणि तो स्वतःच स्वतःला उघडा पाडतो.

आता त्या हसण्याची दिशा बघा. बिंगलीच्या बहिणी एलिझाबेथच्या मामाला हसतात, कारण तो लंडनमध्ये व्यापार करतो आणि आपल्या गोदामाजवळच राहतो. पण या बहिणींची श्रीमंती आली कुठून? त्यांच्या वडिलांनीही व्यापारातच पैसा कमावला होता. एका पिढीत विसर पडला. उलट तो व्यापारी मामा जेव्हा प्रत्यक्ष आपल्यासमोर येतो, तेव्हा अख्ख्या पुस्तकात त्याच्याइतकं नीट वागणारं माणूस क्वचितच सापडतं.

आणि डार्सीची मावशी, लेडी कॅथरीन. बग्गी जोडून ती एलिझाबेथला धमकवायला येते, की माझ्या भाच्याशी लग्न करणार नाही असं वचन दे. मुलगी वचन देत नाही. मावशी तणतणत जाऊन हे भाच्याला सांगते. आणि तोवर निराश असलेल्या भाच्याला तिच्याच तोंडून कळतं, की आपल्याला अजून आशा आहे! लग्न मोडायला निघालेली बाई लग्न जमवून बसते. आपल्याकडच्या लग्नघरातही अशी एखादी आत्याबाई असतेच.

पण मला एक गोष्ट इथे सांगायची आहे, जी पडद्यावर बघताना सुटते. डार्सी आणि एलिझाबेथ यांच्यात पैशाचं अंतर प्रचंड आहे, पण जन्माचं तितकंसं नाही. दोघंही जमीनदारांची मुलं. एलिझाबेथ हे लेडी कॅथरीनला ठणकावून सांगतेही. या पुस्तकात खरोखर खालच्या पायरीवरून वर चढू बघणारा माणूस दुसराच आहे. तो म्हणजे विकम, डार्सीच्या वडिलांच्या कारभाऱ्याचा मुलगा. तो डार्सीच्या बहिणीला तिच्या ३०,००० पौंडांसकट पळवून नेऊ बघतो. आणि तोच खलनायक आहे. ऑस्टिनसारखी तिखट नजरेची लेखिकासुद्धा शिडीच्या कुठल्या पायऱ्या जोडायच्या आणि कुठल्या नाहीत, हे ठरवूनच लिहीत होती.

पदाचा दर

विकमवरून आपण सैन्याकडे येऊ. शेवटी डार्सी त्याची कर्जं फेडतो आणि त्याला सैन्यात अधिकारपद विकत घेऊन देतो. विकत हा शब्द खराच आहे. ब्रिटिश पायदळात आणि घोडदळात अधिकारपदं विकत मिळत. १८२१च्या सरकारी दरपत्रकात पायदळाच्या साध्या पलटणीत सगळ्यात कनिष्ठ अधिकारी, एनसाइन, ४५० पौंडांना. कॅप्टन १,८०० पौंडांना. लेफ्टनंट कर्नल ४,५०० पौंडांना. बढती हवी तर फरक भरा. नोकरी सोडताना पद विकून पैसे परत घ्या, हीच पेन्शन. युद्धकाळात बऱ्याच जणांना पैसे न भरताही नेमणूक मिळे, पण पद्धत टिकली ती थेट १८७१पर्यंत.

म्हणजे लाल कोट घातलेला तरुण दिसला की वधूपित्याने काय विचारायचं? हा शूर आहे का, हे नाही. याचा कोट कुणी घेऊन दिला, हे.

आणि कोट असला तरी सगळी दारं उघडत नव्हती. लंडनमध्ये आल्मॅक्स नावाच्या सभागृहात दर बुधवारी नृत्य होई. तिथला प्रवेश काही मोजक्या उमराव स्त्रियांच्या हातात. कॅप्टन ग्रोनोने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की फूट गार्ड्स या खास पलटणींच्या तीनशे अधिकाऱ्यांपैकी जेमतेम अर्धा डझन जणांना तिथलं प्रवेशपत्र मिळालं होतं. नेपोलियनशी लढायला तीनशे, नाचायला सहा.

असईहून परत गेलेला नवरदेव

आता तो मघाचा धागा. आयर्लंडमधल्या एका उमराव घरातला धाकटा मुलगा, आर्थर वेलस्ली. सैन्यात कनिष्ठ, खिशात कर्ज. १७९३च्या सुमारास त्याने किटी पॅकनहॅम या मुलीला मागणी घातली. मुलीच्या भावाने नकार दिला, कारण मुलाला भवितव्य दिसत नाही. स्थळ तोलामोलाचं नाही.

तो मुलगा १७९७मध्ये हिंदुस्थानात आला. १७९९मध्ये टिपूच्या पाडावानंतर श्रीरंगपट्टणचा कारभार त्याच्याकडे आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी त्याने असईची लढाई जिंकली. हे असई आजच्या जालना जिल्ह्यात आहे. शिंदे आणि भोसले यांच्या फौजा समोर होत्या, आणि मराठ्यांच्या तोफखान्याने त्याचं भयंकर नुकसान केलं. पुढे वॉटर्लू जिंकल्यानंतरही तो असईलाच आपल्या लढायांत वरचं स्थान देई. १८०५मध्ये तो सर आर्थर होऊन, मेजर जनरल होऊन आणि लुटीतला वाटा, बक्षिसं धरून सुमारे ४२,००० पौंड घेऊन मायदेशी परतला.

आता तेच स्थळ एकदम उत्तम ठरलं. एप्रिल १८०६मध्ये लग्न झालं. मधली बरीच वर्षं दोघांची भेट नव्हती. मागणी पत्रातूनच गेली होती. कादंबरीत हा शेवटचा गोड प्रसंग झाला असता. प्रत्यक्षात हा संसार सुखाचा झाला नाही. नकार देताना मुलाची किंमत बघितली, होकार देताना मुलाचीच वाढलेली किंमत बघितली. मधल्या काळात माणसं बदलली, तिकडे कुणी बघितलंच नाही.

ऑस्टिनच्या ‘पर्स्युएजन’मध्ये हीच चौकट आहे, पण शेवट सुखाचा. बिनपैशाचा नौदल अधिकारी नाकारला जातो आणि आठ वर्षांनी २५,००० पौंड घेऊन परततो. तिथे मुलीचे वडील, बॅरोनेट सर वॉल्टर, यांची नौदलाबद्दल एक तक्रार अशी, की समुद्राच्या वाऱ्याने माणसांचे चेहरे रापतात. देश वाचवणाऱ्यांच्या चेहऱ्याचा रंग खराब होतो म्हणून नाराज असलेला माणूस! राजस्थानातल्या उन्हाळी युद्धसरावाहून घरी परतलेल्या कुठल्याही फौजीला हा सासरा ओळखीचा वाटेल.

व्यापाऱ्याची मुलगी आणि कर्जबाजारी कॅप्टन

आता आजच्या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक. जॉर्जेट हेयर ही विसाव्या शतकातली इंग्रज लेखिका, १९०२ ते १९७४. आज आपण ज्याला रीजन्सी रोमान्स म्हणतो, तो प्रकार तिने घडवला. १९३५मध्ये तिची ‘रीजन्सी बक’ आली. १९३७च्या ‘अॅन इन्फेमस आर्मी’मध्ये तिने वॉटर्लूची लढाई इतक्या काटेकोरपणे उभी केली, की फौजी वाचकही मान डोलावतो. आणि १९६१मध्ये आली ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’. शीर्षकाचा भाव असा की लग्न म्हणजे एक दिवाणी करार.

गोष्ट थोडक्यात. कॅप्टन अॅडम डेव्हरिल स्पेनच्या मोहिमेवर आहे. वडील वारतात आणि तो व्हायकाउंट होतो. घरी येऊन बघतो तर वडिलांनी सगळं उडवलेलं. पिढीजात वाडा गहाण, आई आणि बहिणी अंगावर. त्याचं प्रेम ज्युलिया नावाच्या सुंदर, भावुक मुलीवर आहे. पण तिच्या वडिलांना हे लग्न परवडणारं नाही. मग पुढे येतो जोनाथन चॉली. लंडनचा गडगंज व्यापारी, आवाज मोठा, अंगठ्या मोठ्या, मन त्याहून मोठं. त्याला मुलीसाठी पदवी हवी आहे. मुलगी जेनी. गोलमटोल, दिसायला साधी, कमी बोलणारी. अॅडम कर्ज फेडण्यासाठी जेनीशी लग्न करतो. जेनीला तो आधीपासून मनातून आवडतो, पण ती हे त्याला सांगत नाही.

बघा, इथे नेहमीची गोष्ट उलटी फिरवली आहे. वरच्या पायरीवरचा माणूस याचक आहे आणि खालच्या पायरीवरचा दाता. विनोद कुठून येतो? देण्यातून. चॉली द्यायचं थांबतच नाही. लंडनमधलं घर तो नव्याने सजवून देतो, आणि ते इतकं भपकेबाज, की अॅडमला आत पाऊल टाकायची लाज वाटते. जावयाने नको म्हटलं की सासऱ्याला वाटतं, हा भिडस्त आहे, अजून द्यावं. आपल्याकडे मानपानावरून रुसणारे व्याही असतात. इथे मानपान जास्त झाला म्हणून जावई गुदमरतोय. पहिली शंभर पानं आपण चॉलीला हसतो.

मग हेयर हळूच काटा फिरवते. या भडक माणसाला चिनी मातीच्या जुन्या भांड्यांची विलक्षण जाण आहे. ती दाखवताना त्याचा आवाज खाली येतो. ज्याला आपण रुचिहीन समजलो त्याची नजर पारखी निघते. अॅडमची धाकटी बहीण लिडिया चॉलीशी सरळ गप्पा मारते, आणि त्या दोघांची छान गट्टी जमते. तिला त्याच्याशी कसं वागावं हा प्रश्नच पडत नाही. अवघडलेपण फक्त त्यांनाच आहे, जे आपली पायरी सतत मोजत असतात.

मी कमिशन घेतलं तेव्हा आमच्या तुकडीत हवालदाराचा मुलगा होता, शेतकऱ्याचा होता आणि बड्या सनदी अधिकाऱ्याचाही होता. पहिल्या औपचारिक मेस-भोजनाच्या वेळी काटे-चमच्यांची ती लांब रांग बघून निम्मी मुलं शेजाऱ्याकडे बघून खात होती. हसणारेही होते. पुढे कठीण प्रसंगात कोण कामाला आलं, त्याचा आणि चमच्यांचा काही संबंध दिसला नाही. हेयर वाचताना मला ते टेबल आठवतं. मेसमध्ये रीत शिकवावी लागते, त्यात वावगं नाही. पण रीत न येणाऱ्याला हसणारा आणि त्याला हळूच योग्य चमचा दाखवणारा, यांतला सभ्य कोण हे त्याच रात्री ठरतं.

पुस्तकाचा कळस वॉटर्लूच्या आठवड्यात आहे. जून १८१५. लंडनमध्ये अफवा, की वेलिंग्टनची फौज मागे हटतेय. सरकारी कर्जरोखे कोसळतायत. चॉली घाबरून जावयाला बजावतो, असेल नसेल ते विकून टाक. अॅडम वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला आहे. त्याला माहीत आहे, की हा सेनापती मागे हटतो तो हरतो म्हणून नव्हे, तर आपल्या पसंतीची जागा गाठायला. १८१०मध्ये पोर्तुगालमध्ये तो असाच तोरेस व्हेद्रासच्या तटबंदीपर्यंत मागे आला होता. गनिमी काव्याच्या मातीत वाढलेल्या आपल्या लोकांना हे समजवायला नको. अॅडम विकायच्या ऐवजी रोखे विकत घेतो. १८ जूनला वॉटर्लू जिंकलं जातं, भाव उसळतात आणि अॅडम कर्जातून सुटतो.

मला यात मोठी मौज वाटते. आयुष्यभर बाजार खेळलेला व्यापारी इथे चुकतो आणि बाजार न कळणारा फौजी बरोबर ठरतो, कारण त्याला माणूस माहीत आहे. आणि यानंतरच, म्हणजे देणं-घेणं बरोबरीला आल्यावरच, अॅडम सासऱ्याकडे मोकळ्या नजरेने बघू शकतो. उपकाराखाली दबलेल्या माणसाला प्रेम करणं जड जातं, हे हेयरने ओळखलं आहे.

आणि जेनी? तिचं काय? ती घर चालवते. नवऱ्याला काय आवडतं, कशाने त्रास होतो, कधी एकटं सोडायचं, हे ती बिनबोभाट सांभाळते. ज्युलिया एका श्रीमंत मार्क्वेसशी लग्न करते. शेवटी अॅडमला उमगतं, की ज्या मुलीला त्याने करार म्हणून घरी आणलं, तिच्याशिवाय त्याचं घर घर राहणार नाही. वीज चमकत नाही, पाऊस पडत नाही, कुणी कुणाला घोड्यावरून पळवत नाही. काही वाचक या शेवटावर नाराज असतात, त्यांना तो फिका वाटतो. पण ठरवून झालेल्या लग्नांच्या घरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना तो फिका वाटू नये. आधी व्यवहार, मग सवय, मग काळजी, आणि एके दिवशी लक्षात येतं की याला दुसरं नाव आहे. हे आपण आपल्या आजीआजोबांत पाहिलंय.

कादंबरीने न ओलांडलेली पायरी

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक हिशेब उरतो. या सगळ्या कथांत व्यापाऱ्याची मुलगी आली, गरीब जमीनदाराची आली. पण चूल पेटवणारी, कपडे धुणारी, बग्गी पुसणारी माणसं? ती दार उघडतात, चहा आणतात आणि निघून जातात.

प्रत्यक्ष आयुष्याने मात्र एकदा ती पायरीही ओलांडली. ससेक्समध्ये अप्पार्क नावाचा वाडा आहे. त्याचे मालक सर हॅरी फेदरस्टनहॉ हे बॅरोनेट, तरुणपणी रीजंटच्या दोस्तमंडळींतले. १८२५मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी आपल्याच दूधघरात काम करणाऱ्या मेरी अॅन बुलक या तरुणीशी लग्न केलं. ती जेमतेम विशीची. असा किस्सा सांगतात, की त्यांनी मागणी घालताना तिला म्हटलं, लगेच उत्तर देऊ नकोस, होकार असेल तर आज रात्रीच्या जेवणात येणाऱ्या मटणाच्या तंगडीतून एक तुकडा कापून पाठव. तंगडी आली ती कापलेली. आजूबाजूच्या बड्या घरांना हसायला विषय मिळाला. १८४६मध्ये सर हॅरी वारले ते सगळी इस्टेट तिच्या नावे करून. तिने पुढे जवळपास तीस वर्षं तो वाडा जसा होता तसा जपला.

गोड गोष्ट आहे. पण तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच वाड्यात, याच सर हॅरींकडे, १७८१मध्ये आणखी एक मुलगी होती. लोहाराची मुलगी, नाव एमा, वय सोळाच्या आसपास. ती गरोदर राहिली तेव्हा त्यांनी तिला घराबाहेर काढलं. पुढे ती लेडी हॅमिल्टन म्हणून, नेल्सनची प्रेयसी म्हणून जगभर गाजली आणि १८१५मध्ये कॅलेला कंगाल अवस्थेत वारली. तोच वाडा, तोच माणूस, दोघी गरीब घरातल्या. एकीला मालकीण केलं, एकीला दार दाखवलं. वरच्या पायरीवरच्याचं मन कोणत्या दिवशी कसं असेल, यावर खालच्या पायरीवरच्या मुलीचं आयुष्य ठरायचं. रीजन्सी कथेतलं हसू याच भीतीवर तरंगत असतं, आणि चांगला लेखक ती भीती पुरती झाकत नाही.

म्हणून मंडळी, यापुढे अशी कादंबरी उघडाल किंवा मालिका लावाल, तेव्हा एवढंच बघा, आपल्याला कुणावर हसायला लावलं जातंय? चुकीचा चमचा उचलणाऱ्यावर, की चमच्यावरून माणूस तोलणाऱ्यावर? पहिल्या प्रकारच्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्या वेळ घालवायला ठीक. दुसऱ्या प्रकारच्या थोड्या आहेत. ऑस्टिन आणि हेयर काळाच्या एवढ्या अंतरावरूनही आपल्या लग्नघरांपर्यंत पोचतात, त्या या दुसऱ्या प्रकारामुळे.

सुरुवात करायची असेल तर ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ने करा आणि मग ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’कडे या. दोन्हींमधले पौंडांचे आकडे वाचताना कागदावर मांडत जा. कोण कुणाच्या किती पट, हे कळलं की हसू दुप्पट येतं. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे असाल तिथे घरातल्या लग्नाच्या वयाच्या मुलामुलींबरोबर वाचा. आणि पुढच्या वेळी कुणी ‘तोलामोलाचं स्थळ’ म्हणालं, की तराजू कुणाच्या हातात आहे हे जरा विचारा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.